दीर्घकालीन वाढीचा अभ्यास

दीर्घकालीन वाढीचा अभ्यास म्हणजे एखादी राशी अनेक वर्षे, दशके किंवा शतके कशी वाढत गेली, तिचा वेग का बदलला आणि ती कोठे थांबली, याचे पद्धतशीर संशोधन होय. मुलांची उंची, शेतातील पीक, जीवाणूंची वाढक्षमता, देशाची लोकसंख्या, दरडोई उत्पन्न आणि वैज्ञानिक शोधनिबंधांची संख्या या परस्परांपासून दूर वाटणाऱ्या गोष्टी या अभ्यासाच्या कक्षेत येतात. जीवशास्त्र, कृषिविज्ञान, लोकसंख्याशास्त्र, अर्थशास्त्र आणि विज्ञानाचा इतिहास या शाखांमध्ये हे संशोधन स्वतंत्रपणे विकसित झाले. तरीही या सर्व शाखांना एकच मूलभूत अडचण भेडसावते. थोड्या काळाच्या नोंदींवरून वाढीचे अनेक वेगवेगळे प्रकार सारखेच दिसतात आणि त्यांतील भेद पुरेसा काळ लोटल्यावरच उघड होतो. त्यामुळे अल्पकालीन नोंदींवर बेतलेली भाकिते अनेकदा चुकली आहेत आणि प्रदीर्घ, अखंड नोंदींना या क्षेत्रात विशेष महत्त्व आले आहे.

वाढीची गणिती रूपे

दरवर्षी ठरावीक संख्येची भर पडत असेल, तर तिला रेषीय वाढ म्हणतात. दरवर्षी ठरावीक टक्क्यांची भर पडत असेल, तर ती घातांकी वाढ होय. चक्रवाढ व्याज हे तिचे परिचित उदाहरण आहे. घातांकी वाढीत रक्कम दुप्पट होण्यास लागणारा काळ काढण्यासाठी ७० या संख्येला वार्षिक दराने भागण्याचा ठोकताळा वापरतात. त्यानुसार १ टक्का दराने सुमारे ७० वर्षांत, २ टक्के दराने सुमारे ३५ वर्षांत आणि ३.५ टक्के दराने सुमारे २० वर्षांत दुप्पट होते. दरातील किरकोळ वाटणारा फरक दीर्घकाळात मोठा ठरतो. वार्षिक १.५ टक्के दराने १०० वर्षांत एखादी राशी सुमारे साडेचार पट होते, तर २.५ टक्के दराने ती जवळजवळ १२ पट होते.

बेल्जियमचे गणितज्ञ पिएर फ्रान्स्वा व्हेर्‌हुल्स्ट यांनी १८३८ मध्ये लोकसंख्येसाठी तिसरे रूप मांडले. त्यात वाढ प्रथम घातांकी असते, पुढे साधनांच्या मर्यादेमुळे ती मंदावते आणि शेवटी एका कमाल पातळीशी स्थिरावते. या वक्राला लॉजिस्टिक वक्र म्हणतात. आलेखावर तो ताणलेल्या इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा दिसतो. चौथे रूप अतिघातांकी वाढीचे असून त्यात राशीबरोबर तिच्या वाढीचा दरही वाढत जातो.

घातांकी आणि लॉजिस्टिक वक्रांचा प्रारंभीचा भाग व्यवहारात एकसारखाच असतो. मोजणीतील नेहमीच्या चुका लक्षात घेतल्या, तर केवळ सुरुवातीच्या नोंदींवरून कमाल पातळी आहे की नाही आणि असल्यास ती किती, हे विश्वासाने सांगता येत नाही.

मानवी शरीराची वाढ

एकाच व्यक्तीच्या वाढीची सर्वांत जुनी प्रसिद्ध नोंदमालिका फ्रान्समधील आहे. फिलिबेर ग्वेनो द मोंबेयार यांनी १७५९ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची १७७७ पर्यंत साधारण दर सहा महिन्यांनी मोजली. निसर्गअभ्यासक ब्युफाँ यांनी ती आपल्या ग्रंथमालेत प्रसिद्ध केली. बाल्यावस्थेत मंदावत जाणारा वेग आणि पौगंडावस्थेत अचानक येणारा उंचीचा झपाटा या नोंदींत स्पष्ट दिसतो.

वाढीचे अभ्यास दोन प्रकारे केले जातात. एकाच वेळी वेगवेगळ्या वयांच्या मुलांची मापे घेणे हा पहिला प्रकार, तर त्याच मुलांना वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा मोजणे हा दुसरा. पहिला प्रकार स्वस्त व जलद असला, तरी त्यातून वाढीच्या वेगाचे चित्र बिघडते. पौगंडावस्थेतील झपाटा प्रत्येक मुलात वेगळ्या वयात येतो. त्यामुळे सर्वांची सरासरी काढल्यास तो पसरट दिसतो आणि कोणत्याही एका मुलाची प्रत्यक्ष वाढ तशी झालेली नसते. मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही बाब निदर्शनास आणली. विसाव्या शतकात ब्रिटिश बालवाढतज्ज्ञ जेम्स टॅनर यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या मुलांच्या नोंदींवरून वाढीच्या वेगाचे तक्ते तयार केले.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी वाढीचे प्रमाणित तक्ते प्रसिद्ध केले. त्यासाठीची माहिती १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील सुमारे ८,५०० बालकांकडून घेण्यात आली होती. पोषण व आरोग्यसेवा पुरेशी असल्यास या वयातील बालकांची वाढ निरनिराळ्या देशांत जवळजवळ सारखीच होते, असा त्याचा महत्त्वाचा निष्कर्ष होता. बालकाची खुंटलेली उंची केवळ आनुवंशिक मानून सोडून देता येत नाही, ही भूमिका या निष्कर्षामुळे बळकट झाली.

पुणे येथील अभ्यास

पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्राने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत माता-पोषणाचा अभ्यास सुरू केला. डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे त्याचे प्रमुख संशोधक होत. गर्भधारणेपूर्वी या स्त्रियांचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. त्यांच्या नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बालकांचे ते ३.५ किलो होते. वजनात एवढी तफावत असूनही पुण्याच्या बालकांच्या त्वचेखालील चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती. तूट मुख्यतः स्नायू व पोटातील अवयवांत होती. ‘कृश पण मेदयुक्त’ बालक ही संकल्पना या निरीक्षणातून पुढे आली.

जन्माच्या वेळची मापे घेऊन हा अभ्यास थांबला असता, तर कमी वजनावर अधिक आहार हा सरळ उपाय सुचला असता. परंतु पुण्यातीलच आठ वर्षांच्या मुलांवरील एका वेगळ्या अभ्यासात, जन्मतः लहान असून नंतर शरीराने मोठी झालेल्या मुलांत इन्सुलिन-रोधाची व हृदयविकाराशी निगडित धोक्याची लक्षणे अधिक आढळली. खेड्यांतील मुलांच्या सहाव्या वर्षीच्या तपासणीत, गर्भारपणात ज्या मातांच्या रक्तात फोलेट अधिक व ब-१२ जीवनसत्त्व कमी होते, त्यांच्या मुलांत इन्सुलिन-रोध अधिक दिसला. वाढ किती झाली याबरोबरच ती कोणत्या वयात व कोणत्या घटकांची झाली, हे तपासण्याची गरज या अभ्यासांनी अधोरेखित केली. या मुलांचा पाठपुरावा पुढे ती प्रौढ होईपर्यंत करण्यात आला.

शेती आणि सूक्ष्मजीव

शेतीतील सर्वांत दीर्घ प्रयोग इंग्लंडमधील रॉथम्स्टेड येथे चालू आहेत. जॉन बेनेट लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी १८४३ मध्ये ब्रॉडबॉक या शेतात गव्हाचा प्रयोग सुरू केला. काही वाफ्यांना शेणखत, काहींना निरनिराळी रासायनिक खते देण्यात आली आणि एका पट्ट्याला काहीच देण्यात आले नाही. विनाखताच्या पट्ट्यात हेक्टरी सुमारे एक टन एवढे उत्पादन दीर्घकाळ टिकून राहिले. याउलट, शेणखत दिलेल्या जमिनीतील सेंद्रिय कर्ब अनेक दशके वाढत राहिला. जमिनीतील असे बदल इतके संथ असतात, की दोन-चार हंगामांच्या प्रयोगात ते हवामानाच्या चढउतारांत लपून जातात. १९१९ मध्ये रॉथम्स्टेड येथे रुजू झालेले संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी याच साठलेल्या नोंदींचे विश्लेषण करताना, पिकातील संथ बदल व वार्षिक चढउतार वेगळे काढण्याच्या पद्धती विकसित केल्या.

भारतात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७० पासून दीर्घकालीन खतप्रयोगांचा अखिल भारतीय प्रकल्प चालवला आहे. अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ हे त्याच्या केंद्रांपैकी एक असून तेथे काळ्या जमिनीत ज्वारी व गव्हाच्या पीकक्रमावर प्रयोग झाले. केवळ नत्रयुक्त खत वर्षानुवर्षे दिल्यास उत्पादन टिकत नाही, विशेषतः आम्लधर्मी जमिनीत ते खालावते, आणि संतुलित खतांना शेणखताची जोड दिल्यास ते टिकते, असे या प्रकल्पात अनेक ठिकाणी दिसून आले. पहिल्या काही वर्षांत मात्र केवळ नत्रही लाभदायक वाटू शकते.

सूक्ष्मजीवांच्या बाबतीत अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांनी २४ फेब्रुवारी १९८८ रोजी ई. कोलाय या जीवाणूच्या एकाच पूर्वजापासून १२ समूह वेगळे केले. दररोज प्रत्येक समूहाचा थोडा भाग नव्या द्रावणात सोडला जातो. ठरावीक अंतराने काही नमुने गोठवून ठेवले जात असल्याने वंशजांची पूर्वजांशी प्रत्यक्ष स्पर्धा लावून त्यांची वाढक्षमता मोजता येते. सुरुवातीच्या पिढ्यांत ही क्षमता वेगाने वाढून नंतर मंदावली. तेव्हा ती लवकरच एका कमाल पातळीवर थांबेल, असे मानण्यास जागा होती. परंतु ५०,००० पिढ्यांच्या नोंदींचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले विश्लेषण वेगळे निघाले. कमाल मर्यादा गृहीत धरणाऱ्या वक्रापेक्षा, मंदावत जाणारा पण कोणतीही मर्यादा नसणारा वक्र या नोंदींशी अधिक जुळला. एका समूहाने सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर ऑक्सिजनच्या सान्निध्यात सायट्रेट हे अन्न म्हणून वापरण्याची क्षमता मिळवली. उरलेल्या ११ समूहांत तोवर असे घडले नव्हते.

लोकसंख्या

थॉमस माल्थस यांनी १७९८ च्या आपल्या निबंधात लोकसंख्या भूमितीश्रेणीने व अन्न अंकगणितीश्रेणीने वाढते, असे प्रतिपादन केले. व्हेर्‌हुल्स्ट यांच्या वक्रामागे याच चर्चेची प्रेरणा होती. त्यांचे काम पुढे विस्मृतीत गेले. १९२० मध्ये रेमंड पर्ल आणि लोवेल रीड यांनी तोच वक्र स्वतंत्रपणे मांडून अमेरिकेच्या १७९० ते १९१० या काळातील जनगणनांना लावला. तो आकड्यांशी उत्तम जुळला. त्यानुसार अमेरिकेची लोकसंख्या सुमारे १९ कोटी ७० लाखांवर स्थिरावणार होती. प्रत्यक्षात १९७० च्या जनगणनेतच ती २० कोटींच्या पुढे गेली आणि त्यानंतरही वाढत राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतरची जन्मदरातील वाढ व स्थलांतर यांचा अंदाज जुन्या आकड्यांतून येणे शक्य नव्हते.

उलट दिशेची चूकही नोंदली गेली आहे. हाइन्झ फॉन फॉर्स्टर व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९६० मध्ये जगाच्या सुमारे दोन हजार वर्षांच्या लोकसंख्येला अतिघातांकी वक्र लावला. त्या सूत्रानुसार १३ नोव्हेंबर २०२६ रोजी लोकसंख्या अनंत होणार होती. अनंत लोकसंख्या अशक्य असल्याने वक्र कोठेतरी मोडणार हे उघड होते आणि तो लवकरच मोडला. जगाच्या लोकसंख्यावाढीचा दर १९६० च्या दशकात २ टक्क्यांहून थोडा अधिक होऊन नंतर घसरू लागला. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार नोव्हेंबर २०२२ मध्ये जगाची लोकसंख्या ८ अब्ज झाली, तेव्हा हा दर १ टक्क्याच्या खाली आला होता.

मात्र भूतकाळाचे वर्णन म्हणून हा वक्र निरुपयोगी ठरला नाही. मायकेल क्रेमर यांनी १९९३ मध्ये मानवी इतिहासाच्या बहुतांश काळात लोकसंख्येबरोबर तिच्या वाढीचा दरही वाढत गेल्याचे दाखवले. अधिक माणसे म्हणजे अधिक कल्पना, आणि अधिक कल्पना म्हणजे अधिक माणसांना पोसण्याची क्षमता, असे त्यांनी याचे स्पष्टीकरण दिले. विसाव्या शतकात उत्पन्न वाढल्यावर जन्मदर घटू लागला आणि ही साखळी तुटली.

आर्थिक वाढ

अर्थशास्त्रात दीर्घकालीन वाढ प्रामुख्याने दरडोई उत्पन्नावरून मोजली जाते. अँगस मॅडिसन (१९२६–२०१०) यांनी जगातील बहुतेक देशांच्या उत्पन्नाचे शतकानुशतकांचे अंदाज एकत्र केले. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठात हे काम पुढे चालू आहे. या अंदाजांनुसार जगाच्या बहुतेक भागांत एकोणिसाव्या शतकापूर्वी दरडोई उत्पन्नातील वाढ अत्यल्प होती. औद्योगिक क्रांतीच्या काळातील ब्रिटनची वाढ मात्र पूर्वी समजली जात होती तितकी वेगवान नव्हती. निकोलस क्राफ्ट्स व निक हार्ली यांनी जुने अंदाज तपासून ते खाली आणले. सूती कापड व लोखंड हे मोजके उद्योग झपाट्याने वाढत असताना उर्वरित अर्थव्यवस्था संथ होती, असे त्यांनी दाखवले.

वाढीच्या कारणांविषयी रॉबर्ट सोलो यांची १९५६ व १९५७ मधील मांडणी पायाभूत मानली जाते. अमेरिकेत १९०९ ते १९४९ या काळात श्रमाच्या प्रत्येक तासामागील उत्पादन दुप्पट झाले. त्या वाढीचा केवळ आठवा भाग भांडवलामुळे असून उरलेला तांत्रिक प्रगतीमुळे आहे, असा त्यांचा हिशोब होता. तांत्रिक प्रगती कोठून येते, हे मात्र त्या सिद्धान्तात बाहेरून गृहीत धरले होते. पॉल रोमर यांनी १९९० मध्ये कल्पनांची निर्मिती हाच सिद्धान्ताचा भाग केला. एक कल्पना अनेकांना एकाच वेळी वापरता येते आणि वापराने ती संपत नाही, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. सोलो यांना १९८७ चे, तर रोमर यांना २०१८ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नवकल्पनांवर आधारित वाढीच्या स्पष्टीकरणासाठी २०२५ चे पारितोषिक जोएल मोकिर, फिलिप आगियाँ व पीटर हॉविट यांना देण्यात आले.

भारत व महाराष्ट्र

भारताच्या दरडोई उत्पन्नाचा आद्य अंदाज दादाभाई नौरोजी यांनी केला. १८६७ ते १८७० या काळासाठी तो वार्षिक सुमारे २० रुपये होता. विसाव्या शतकातील राष्ट्रीय उत्पन्नाची सलग मालिका एस. शिवसुब्रमणियन यांनी तयार केली. स्वातंत्र्यापूर्वीच्या अर्धशतकात दरडोई उत्पन्न जवळजवळ साचलेले होते, असे तीवरून दिसते. स्वातंत्र्योत्तर पहिल्या तीन दशकांतील सुमारे ३.५ टक्के वार्षिक वाढीला अर्थतज्ज्ञ राज कृष्ण यांनी ‘हिंदू वृद्धिदर’ असे उपरोधिक नाव दिले. १९८० नंतर हा दर वाढल्याने, तो समाजाच्या स्वभावाशी जोडण्यातील फोलपणा दिसून आला.

गावपातळीवरील दीर्घकालीन अभ्यासाचे महत्त्वाचे उदाहरण पुण्याजवळील पिंपळे सौदागर हे आहे. पुणे कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी या गावाची पाहणी १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. जुनी कागदपत्रे तपासून त्यांनी सरासरी धारणक्षेत्राचा मागोवा घेतला. १७७१ मध्ये ते सुमारे ४० एकर होते, तर १९१५ च्या सुमारास सुमारे ७ एकरांवर आले होते. शिवाय ही जमीन विखुरलेल्या तुकड्यांत वाटली गेली होती. कोणत्याही एका पिढीच्या वाटणीत हा बदल एवढा मोठा भासला नसता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१८ मध्ये भारतातील लहान धारणक्षेत्रांवर लिहिलेल्या निबंधात मान यांच्या पाहणीची दखल घेतली. लहान शेत हे मूळ दुखणे नसून शेतीवरील माणसांचा अतिरिक्त भार हे दुखणे आहे आणि औद्योगिकीकरण हा त्यावरचा उपाय आहे, असे त्यांचे मत होते. पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड शहराचा भाग आहे.

विज्ञान आणि तंत्रज्ञान

डेरेक डी सोला प्राइस यांनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात वैज्ञानिक साहित्य दर १० ते १५ वर्षांनी दुप्पट होत आल्याचे दाखवले. हीच गती कायम राहिल्यास लोकसंख्येपेक्षा वैज्ञानिकांची संख्या अधिक होईल, म्हणून हा वक्रही पुढे लॉजिस्टिक होणार, असे त्यांचे म्हणणे होते. गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये एकात्मिक परिपथावरील घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होईल असे भाकीत केले आणि १९७५ मध्ये हा कालावधी दोन वर्षांचा केला. सुधारित भाकीत काही दशके टिकले.

ही सातत्यपूर्ण वाढ सहज घडलेली नाही. निकोलस ब्लूम, चार्ल्स जोन्स, जॉन व्हॅन रीनन व मायकेल वेब यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, चिपवरील घटक दुप्पट करण्यासाठी लागणारे संशोधक १९७० च्या दशकाच्या सुरुवातीच्या तुलनेत १८ पटींहून अधिक झाले आहेत. पीक उत्पादन आणि वैद्यकीय संशोधन यांतही असाच कल आढळला. सरळ दिसणाऱ्या वाढीच्या रेषेमागे वाढत जाणारा खर्च असू शकतो, असे यावरून दिसते.

मापनातील अडचणी

दीर्घ काळात मोजली जाणारी वस्तूच बदलते. मेणबत्ती व विजेचा दिवा यांच्या किमतींची तुलना करण्याऐवजी विल्यम नॉर्डहाउस यांनी १९९० च्या दशकात प्रकाशाच्या समान मात्रेची किंमत काढली. नेहमीच्या निर्देशांकांत प्रकाश स्वस्त होण्याचे प्रमाण फारच कमी दाखवले गेले होते, असे त्यात आढळले. देशांच्या सीमा बदलणे, जनगणनेच्या व्याख्या बदलणे आणि पाठपुराव्यातील व्यक्ती स्थलांतराने गळणे या अडचणीही नेहमीच्या आहेत. शिवाय असे संशोधन एका संशोधकाच्या कारकिर्दीपेक्षा व अनुदानाच्या मुदतीपेक्षा अधिक काळ चालते. लेन्स्की यांचा प्रयोग २०२२ मध्ये मिशिगनहून टेक्सास येथे दुसऱ्या संशोधकाकडे सोपवण्यात आला.

मतभेद

वाढीला अंतिम मर्यादा आहे का, हा या क्षेत्रातील सर्वांत जुना वाद आहे. १९७२ मध्ये ‘क्लब ऑफ रोम’साठी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील गटाने तयार केलेल्या अहवालात, वाढीचे तत्कालीन कल चालू राहिल्यास शंभर वर्षांच्या आत मर्यादा गाठल्या जातील असे म्हटले होते. अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन यांना हे मान्य नव्हते. माणसाची कल्पकता टंचाईवर मात करते, असे ते मानत. १९८० मध्ये त्यांनी जीवशास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांच्याशी पाच धातूंच्या किमतींवर दहा वर्षांची पैज लावली. किमती उतरल्याने १९९० मध्ये सायमन जिंकले. मात्र दुसरे दशक निवडले असते, तर निकाल उलटही लागू शकला असता, असे नंतरच्या विश्लेषणांतून दिसले. दहा वर्षांचा काळ या प्रश्नाचा निर्णय करण्यास अपुरा होता.

हे सुद्धा पहा

घातांकी वाढ
लॉजिस्टिक वक्र
लोकसंख्याशास्त्र
दरडोई उत्पन्न
कुपोषण